वळ

वैजापूर मागं पडलं की कपाशीच्या वर
आधी पाण्याची टाकी दिसते, मग ते.
नवखा माणूस विचारतोच : जिनिंग का?
शिखर नाही, कमान नाही, घंटासुद्धा
बाजूला लोखंडी चौकटीत, शाळेत टांगतात तशी.
नुसता दुमडलेला राखाडी कागद,
मधली घडी आत दाबलेली,
पावसाचं सगळं पाणी तिथं यावं म्हणून.

मी वॉटरप्रूफिंग करतो.
जालन्याची फर्म, दहा वर्षांची हमी.
फादर आत नेतात, वर बोट दाखवतात :
"इथून गळतं. बरोबर बाप्तिस्म्याच्या कुंडावर."
आणि हसतात. म्हणजे तक्रार अर्धीच.

आत गिलावा नाही.
काँक्रीटवर आंब्याच्या फळ्यांचे वळ,
गाठी, रेषा, एका जागी खिळ्याचं डोकं.
पुण्याच्या आर्किटेक्टनं म्हणे
रंगाचा डबा आवारात येऊ दिला नाही.
गावाला वाटलं, पैसे संपले.
पंधरा वर्षं लोक विचारत राहिले, गिलावा कधी?

फिलोमिनाबाई त्रिभुवन काठी टेकत येतात.
त्यांना फळ्या ओळखू येतात.
"ही अन् ही माझ्या दिरानं रंधली, पेत्रसनं.
ती वाकडी हाय ना,
तवा त्याला ताप होता."

बहात्तर साल.
मजुरीला लाल मिलो अन् वाटीभर तेल.
छप्पर एका दमात ओतायचं होतं, सांधा चालणार नव्हता,
तर रात्रभर बत्त्या, घमेली,
शिडीवर बायांची साखळी,
आणि पहाटे सगळ्यांचे हात
चुन्यानं खाल्ल्यासारखे.
मग आर्किटेक्टचं पत्र :
चौदा दिवस ओलं ठेवा. एकही चुकू नये.

शिवनेत नुसती वाळू.
विहिरीत पोहरा दगडावर वाजायचा.
आणि रोज संध्याकाळी टँकर यायचा
छपरासाठी.
"वर गोणपाट भिजवायचे. आम्ही खाली बसून ऐकायचो.
पीत होतं ते.
नवव्या दिवशी कोणी भांडलं नाही.
नुसत्या घागरी आणून ठेवल्या, टँकरपुढं,
तोंड वर करून."
तेव्हाचे फादर गोव्याकडचे, दाढीवाले.
लई वेळ उभे राहिले.
मग त्यांनीच पाइप खाली ओढला.
नववा, दहावा, दोन दिवस छप्पर कोरडं.
पुण्याला कोणी कळवलं नाही.

मी शिडीनं वर जातो.
घडीच्या तळाशी तडा सापडतो,
केसाएवढा, अडीच हात लांब.
उन्हानं जातो असा तडा.
सळई वर आली तरी जातो.
पन्नास वर्षांत जायला कारण लागतंच असं नाही.
दोन दिवसांच्या तहानेची खूण
काँक्रीटमध्ये वेगळी दाखवता येत नाही,
हे मी खाली येऊन सांगतो, जमेल तितकं सोपं करून.
त्या ऐकून घेतात.
"आमचाच हाय तो," म्हणतात,
शेताच्या बांधाबद्दल बोलावं तसं.

भरणार का, विचारतात.
भरणार. इपॉक्सी. दिसणारही नाही.
"कायबी दिसनार नाही?"
राखाडीच असतं, म्हणतो.
त्या फळ्यांकडं बघत राहतात.
फादर मोबाईल काढतात, परत खिशात ठेवतात.

कोटेशनात एक रकाना असतो : तडा जाण्याचं कारण.
बहुतेक वेळा मी तापमान लिहितो.
पेन टोपणात घालतो. आधी चाचणी.

वर दोन बादल्या नेतो, घडीत ओततो, हळूहळू.
पाणी थांबतं, काळवंडतं,
काँक्रीटचा तो जुना, लहान आवाज.
खाली कुंडाशी फिलोमिनाबाई,
तळहात वर करून.
आलं का, मी ओरडतो.
"नाही."
तिसरी बादली.
"नाही अजून."
ऊन माझ्या मानेवर. फळ्यांचे वळ ओले होऊन
पुन्हा लाकडासारखे दिसत असतील आत.
"थांब रे," खालून.
मग बराच वेळ काही नाही.
मग :
"आलं."